दुसऱ्यांच्या स्वरलिपी छापणारा संगीतकार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले बरेचसे संगीतकार शिकायला युरोपात जात आणि परत येऊन युरोपसारखंच लिहीत. हेन्री कॉवेल या वाटेनं गेला नाही. १८९७ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या मुलाच्या कानांवर लहानपणीच चिनी-जपानी शेजाऱ्यांची गाणी पडली होती. तरुणपणी तो पियानोच्या पट्ट्या मुठीनं, कोपरानं एकदम दाबू लागला. १९२५ च्या ‘द बॅन्शी’ या रचनेत तर वादक पट्ट्यांना हातच लावत नाही. तो पियानोच्या आतल्या तारांवरून बोटं आणि नखं फिरवतो. पुढे जॉन केजसारखे प्रयोगशील संगीतकार त्याच्याकडेच शिकले.

पण माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला त्याचं दुसरं काम अधिक जवळचं वाटतं. १९२७ साली त्यानं ‘न्यू म्युझिक’ नावाचं त्रैमासिक सुरू केलं. ज्या नव्या रचनांना प्रकाशक मिळत नव्हता, त्यांच्या स्वरलिपी त्यात छापल्या जात. साठच्या दशकात मराठीतल्या लघुनियतकालिकांनी नव्या कवींसाठी केलं, तसंच हे काम. चार्ल्स आइव्ह्ज पोटासाठी विम्याचा व्यवसाय करी. त्याच्या चौथ्या सिम्फनीचा एक भाग १९२९ साली इथंच छापून आला. आइव्ह्जनंही त्रैमासिकाला पैशाची मदत केली.

१९३६ साली समलिंगी संबंधांवरून कॉवेलला अटक झाली. तेव्हाच्या कायद्यानं तो गुन्हा होता. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात त्यानं चार वर्षं काढली. तिथं तो कैद्यांना संगीत शिकवत होता, स्वतः रचनाही करत होता. आइव्ह्जनं मात्र त्याच्याशी संबंध तोडले. १९४० साली कॉवेल सुटला. १९४१ साली त्याचं लग्न झालं, तेव्हा कुठे आइव्ह्जच्या घरचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं. १९४२ साली त्याला सरकारी माफी मिळाली.

कॉवेलनं ही अढी मनात ठेवली नाही. आइव्ह्ज १९५४ साली गेला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या जीवनावर आणि संगीतावर पुस्तक आलं. लेखक हेन्री आणि सिडनी कॉवेल, म्हणजे तो आणि त्याची पत्नी.

पुढे कॉवेल भारतातही आला. त्याची तेरावी सिम्फनी ‘मद्रास’ १९५९ साली मद्रासमध्येच प्रथम वाजली.

आज अमेरिकी संगीताचा इतिहास आइव्ह्जच्या नावाशिवाय सांगता येत नाही. ते नाव ज्यानं आधी छापलं आणि दुरावा सोसूनही पुढे नेलं, त्याचंही नाव त्याच दमात घेतलं पाहिजे. दुसऱ्याचं लेखन जपणारी अशी माणसं नसती, तर आपल्याकडच्याही कितीतरी कविता वहीतच राहिल्या असत्या.