वास्तुविशारद कीं वास्तुतंत्रज्ञ?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुण व पालक यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमांत आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो प्रवचनाचा नव्हे. तो घराघरांतील चिंतेचा आहे. बारावीची परीक्षा आटोपलेली असते, मुलाचा अथवा मुलीचा गणितांत व चित्रकलेंत हात बरा असतो, आणि घरीं एक रंगीत पत्रक येऊन पडतें. त्यावर इंग्लंड, आयर्लंड किंवा कॅनडा या देशांतील एखाद्या अभ्यासक्रमाचें नांव छापलेलें असतें. ‘आर्किटेक्चरल’ हा शब्द ठळक, आणि त्यापुढील ‘टेक्नॉलॉजी’ हा शब्द अंमळ बारीक. पत्रक घेऊन वडील आमच्याकडे येतात आणि विचारतात, “फादर, हा कोर्स केला म्हणजे पोरगा आर्किटेक्टच होणार ना?” या एका प्रश्नाच्या उत्तरावर दोन एकर काळी जमीन गहाण पडावयाची असते, ज्यांना जमीन नाहीं त्यांच्या घरचें सोनें मोडावयाचें असतें. म्हणून उत्तर गुळमुळीत देऊन भागणार नाहीं.

उत्तर असें आहे कीं, तो आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुविशारद, होणार नाहीं. तो आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट होईल. या शब्दाला मराठींत अजून रुळलेला प्रतिशब्द नाहीं. आपण सोयीसाठीं ‘वास्तुतंत्रज्ञ’ म्हणूं. हें काम हलक्या प्रतीचें आहे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण तें निराळें काम आहे, आणि मायदेशीं परतल्यावर त्याला मिळणारें नांवहि निराळें आहे. हा भेद घरून निघण्यापूर्वी कळावा, विमानांतून उतरल्यावर कळूं नये, एवढ्यासाठीं हें सारें बोलणें.

प्रथम कामाचा भेद पाहूं. घर कसें असावें, खोल्या कोणत्या दिशेस असाव्या, उजेड व वारा कोठून यावा, माणसें त्यांत कशीं वावरतील, शेजारच्या वस्तीशीं त्याचा मेळ कसा बसेल, याचा समग्र विचार वास्तुविशारद करतो. तो विचार विटेंत, लोखंडांत व काँक्रीटांत कसा उतरावा हें वास्तुतंत्रज्ञ पाहतो. छप्पर भिंतीवर कसें टेकावें, खिडकीच्या चौकटीखालून पाणी आंत कसें येऊं नये, उन्हाळ्यांत छत किती तापेल, आग लागली तर जिना किती वेळ तग धरील, हे त्याचे प्रश्न. इमारतीचा भार मोजणारा अभियंता हा आणखी तिसरा. लहान गांवांत हीं तिन्ही कामें पुष्कळदां एकच मनुष्य करतो, आणि कित्येकदां तर गवंडीच करतो, हें आम्ही जाणतों.

मराठवाड्यांतील माणसास जोडकामाचें महत्त्व पुस्तकांतून शिकावयास नको. १९९३ सालीं सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं, आणि आठ हजारांच्या आसपास माणसें मेलीं. जगांतील थोर भूकंपांच्या मानानें तो भूकंप मोठा नव्हता. त्याची तीव्रता ६.२ होती. माणसें मारलीं तीं घरांनीं. जाड दगडी भिंती नुसत्या मातींत रचलेल्या. भिंतीचा आंतला व बाहेरचा थर एकमेकांस बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. आणि माथ्यावर लांकडी माळवद, त्यावर मातीचा जड थर. गळती लागली कीं घरधनी त्यावर आणखी माती टाकी, आणि भार वाढत जाई. धक्का बसतांच भिंतींचे दोन थर अलग होऊन फुटले आणि वरची माती निजलेल्यांच्या अंगावर आली. या घरांची मांडणी वाईट होती असें कोणी म्हणणार नाहीं. वैशाखांत तीं थंड राहत, मधला चौक हवेशीर असे, आणि वाडे तर देखणे होते. वास्तुविशारदाच्या डोळ्याला त्यांत पुष्कळ घेण्यासारखें होतें. चुकलें होतें तें जोडकाम. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या हिंगोलीकडे २०२४ च्या मार्चमध्यें धरणी हालली, तेव्हां परभणीकरांनाहि ती जाणवली. ज्यांच्या घरावर अजून माळवद आहे, त्यांनीं त्या सकाळीं वर पाहिलें असेल.

तेव्हां भिंत व छप्पर यांचा सांधा जाणणारा मनुष्य आपल्या भागास हवा आहे, यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तो शिकून आल्यावर येथील कायदा त्यास काय म्हणतो.

१९७२ सालीं संसदेनें वास्तुविशारदांविषयीं कायदा केला व वास्तुकला परिषद स्थापिली. परिषदेच्या नोंदवहींत ज्याचें नांव आहे, त्यासच या देशांत ‘आर्किटेक्ट’ ही उपाधि लावण्याचा अधिकार आहे. नोंदीसाठीं मान्य पदवी लागते. येथील बी.आर्क. ही पदवी पांच वर्षांची असते. प्रवेशासाठीं ‘नाटा’ ही परीक्षा किंवा जेईईचा वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. परदेशच्या कांहीं पदव्याहि मान्य होतात, परंतु त्या वास्तुकलेच्या. वास्तुतंत्राची पदवी कितीहि चांगल्या विद्यापीठाची असली, तरी ती बी.आर्क.च्या जागीं उभी राहत नाहीं. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा अर्थ लावून सांगितलें कीं, कायदा उपाधीचें रक्षण करतो, कामावर बंदी घालीत नाहीं. म्हणजे नोंद नसलेल्या माणसानें घराचा नकाशा काढला तर तेवढ्यानें तो गुन्हेगार होत नाहीं. मात्र त्यानें दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली तर होतो.

कोणी म्हणेल, मग पाटीचेंच काय एवढें? पाटीनें पोट भरत नाहीं हें खरें. पण नकाशा कोणाच्या सहीनें दाखल व्हावा, हेंहि नियमांनीं ठरलेलें असतें. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलींत वास्तुविशारद, अभियंता, पर्यवेक्षक अशा तांत्रिक माणसांच्या पात्रता व त्यांच्या सहीच्या मर्यादा दिल्या आहेत. परदेशाहून आलेल्या वास्तुतंत्रज्ञानें आपण यांपैकीं कोणत्या खणांत बसतों, हें आधींच विचारून घेतलें पाहिजे. नाहीं तर काम त्याचें व सही दुसऱ्याची, असा संसार जन्मभर करावा लागतो.

आतां ज्या देशांत जावयाचें तेथें काय स्थिति आहे? इंग्लंडांत वास्तुतंत्रज्ञांची स्वतंत्र संस्था आहे. ती १९६५ सालीं तंत्रसहाय्यकांची संस्था म्हणून निघाली आणि २००५ सालीं तिला राजसनद मिळाली. तेथील पदवी साधारण तीन वर्षांची असते. मध्यें एक वर्ष प्रत्यक्ष कामाचें असल्यास चार. पुढें अनुभव दाखवून व आपली पात्रता सिद्ध करून सनदी सभासद होतां येतें, आणि असा सभासद स्वतःची कचेरीहि चालवूं शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘आर्किटेक्ट’ हें नांव तेथेंहि राखलेलें आहे. १९९७ च्या कायद्याप्रमाणें निराळी नोंदवही आहे, आणि तिच्यापर्यंतचा तीन टप्प्यांचा मार्ग आजवर साधारण सात वर्षांचा मानला गेला. कॅनडांत कॉलेजांतून दोन किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा मिळतो आणि कचेऱ्यांतून तपशीलवार नकाशे करण्याचें काम त्यावर मिळूं शकतें. वास्तुविशारद व्हावयाचें तर तेथेंहि विद्यापीठाची मान्य पदवी, अनुभव व परीक्षा यांवांचून गति नाहीं. तात्पर्य, येथील पांच वर्षें चुकविण्यासाठीं जो तीन वर्षांच्या वाटेनें जातो, त्याला ती वाट दुसऱ्याच गांवीं नेते. गांव चांगलें असेल, पण त्याला तेथें जावयाचें होतें काय?

पूर्वी या सीमा इतक्या कडक नव्हत्या, आणि म्हणून वडील मंडळी जुने दाखले देतात. मुंबईचें जुनें व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळांत बांधलें गेलें. त्याचा वास्तुविशारद म्हणून सर्वांच्या तोंडीं नांव आहे तें स्टीव्हन्स साहेबांचें. पण त्या कामावर सहाय्यक अभियंता होते ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्या घुमटाकडे व कमानींकडे पाहणाऱ्या लाखों माणसांपैकीं किती जणांनीं हें मराठी नांव ऐकलें आहे? पुढें याच वैद्यांनीं डी. एन. मिर्झा यांच्यासह ताजमहाल हॉटेलाची योजना आंखली. तें पुरें होण्यापूर्वीच त्यांना मरण आलें; चेंबर्स नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें काम तडीस नेलें, आणि १९०३ सालीं हॉटेल उघडलें. एका इमारतींत सहाय्यक, दुसऱ्या इमारतींत योजक, असा प्रवास त्या काळीं अंगच्या गुणांवर करतां येई. १९७२ नंतर नोंदवहीवांचून ‘आर्किटेक्ट’ ही उपाधि लावून तो करतां येत नाहीं. हें बरें कीं वाईट, यावर वाद होऊं शकेल. आमच्या मतें घर पडलें तर कोणास विचारावें हें लोकांस कळलें पाहिजे, म्हणून नोंदवही असणें बरेंच. पण वैद्यांचा दाखला देऊन आज कोणी मुलास परदेशीं धाडूं नये.

दाखलाच हवा असेल तर दुसरे आहेत. कोंकणांतील आचरें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले अच्युत कानविंदे यांनीं वास्तुकलेचें शिक्षण आधीं मुंबईच्या जे. जे. मध्यें पुरें केलें. मग १९४५ सालीं भारत सरकारनें त्यांस अमेरिकेंत हार्वर्डला पाठविलें; तेथें ते ग्रोपियस यांच्या हाताखालीं शिकले आणि १९४७ सालीं परत आले. कानपूरचें आय.आय.टी. त्यांच्या कामांपैकीं एक. चार्ल्स कोरिया आपलेच धर्मबंधु, आणि जन्मानें आपल्या जुन्या राज्याचेच म्हणावयाचे. कारण १९३० सालीं सिकंदराबादेस त्यांचा जन्म झाला तेव्हां परभणीहि निजामाच्याच अमलाखालीं होती. ते अमेरिकेंत मिशिगन येथें व मग एम.आय.टी. मध्यें शिकले, पण शिकले तें वास्तुकलाच. दादरचें पोर्तुगीज चर्च ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ते वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे घुमट व उघडीं अंगणें आठवतील. तें त्यांचें काम. निजाम सरकारनेंहि १९३० च्या सुमारास झैन यार जंग व सय्यद अली रझा यांना देशोदेशींचीं विद्यापीठें पाहण्यास धाडलें, आणि त्यांतून उस्मानिया विद्यापीठाचें आर्ट्‌स कॉलेज उभें राहिलें. १९३९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: आपण कशासाठीं जात आहों व काय होऊन परतणार, हें त्यांना जातांनाच ठाऊक होतें. कानविंदे आणि निजामाचे ते दोघे यांच्या बाबतींत खर्चहि सरकारनें केला होता. आपल्याकडे खर्च बाप करतो, म्हणून ठाऊक असण्याची गरज अधिक.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर सांगतों. ज्याला वास्तुविशारदच व्हावयाचें आहे, त्यानें पांच वर्षें येथेंच काढावीं आणि नोंद करून मग खुशाल बाहेर जावें. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यासहि, गणित घेतलें असेल तर, बी.आर्क.चें दार उघडें आहे. ज्याला चित्रापेक्षां सांधा आवडतो, जो लहानपणापासून सुताराच्या व गवंड्याच्या पाठीशीं उभा राहून ओळंबा कसा धरतात हें पाहतो, आणि ज्याचा विचार परदेशींच राहण्याचा आहे, त्यानें वास्तुतंत्राला अवश्य जावें. त्याला आम्ही अडविणार नाहीं. मात्र ज्याला तेंच काम येथें करावयाचें आहे, त्यानें आधीं स्थापत्य अभियांत्रिकीचा विचार करावा. तें शिक्षण आपल्या नियमावलींत बसतें आणि परभणीच्या बाजारांत समजतें.

एक गोष्ट मुलींविषयीं. मुलगी हुशार आहे, पण पांच वर्षें लांबतात, तोंवर लग्नाचें वय होईल, म्हणून तिला एखादा लहानसा कोर्स देऊं, असें आमच्यासमोर बोललें गेलें आहे. ज्या घरांत थोरल्या मुलासाठीं जमीन गहाण टाकण्याची तयारी आहे, त्याच घरांत मुलीसाठीं पांच वर्षें मोजलीं जातात, हें आम्हांस समजत नाहीं. घरांत सर्वांत अधिक वेळ वावरते ती बाई. चूल कोठें असावी व धूर कोठून जावा हें तिला विचारून बांधलेलें घर आम्हीं या जिल्ह्यांत फार थोडें पाहिलें.

एजंटांविषयीं थोडेंच बोलूं. सर्वच लबाड असतात असें नाहीं, पण त्यांची मिळकत तुमच्या मुलाच्या जाण्यावर असते, परतण्यावर नसते. तेव्हां त्यांस तीन प्रश्न लेखी विचारा: हा अभ्यासक्रम तेथील कोणत्या संस्थेनें मान्य केलेला आहे? तो पुरा केल्यावर तेथें कोणत्या नांवानें काम करतां येतें? आणि भारतांत परतल्यास वास्तुकला परिषदेची नोंद मिळते कीं नाहीं? तिसऱ्या प्रश्नावर तो विषय बदलूं लागला तर उठून या. नोकरी व वास्तव्य यांविषयींचे त्या देशांचे नियम वरचेवर पालटतात. ते त्या त्या सरकारच्या पानावर मुलानेंच स्वतः वाचावे, आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याच्या आठवड्यांत पुन्हां एकदां वाचावे.

ज्यांच्या घरीं असें पत्रक आलें असेल, त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सेनंतर तें घेऊन आमच्याकडे यावें. बरोबर अभ्यासक्रमाचें पूर्ण माहितीपत्रक आणावें, बँकेचा कागद आणावा, आणि ज्याला जावयाचें आहे त्या मुलाला किंवा मुलीला आणावें. चुलते व मामा मागाहून आले तरी चालेल.