जड पाणी : दोष आणि उपाय

काही विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरे कीट चढते. लोक अशा पाण्याला ‘जड’ म्हणतात. शास्त्रात त्यास ‘दुष्फेन’ अशी संज्ञा आहे. पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. जमिनीत मुरताना ते मातीतील कार्बन डायऑक्साइड घेते व त्यायोगे खडकांतील, विशेषतः चुनखडीतील, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवते. हा दोष साबणाच्या व इंधनाच्या नाशाचा आहे, विषाचा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकात पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा ग्राह्य मानला आहे. दुसरे पाणी नसल्यास ही मर्यादा ६०० पर्यंत जाते.

उपायापूर्वी जडपणाची जात ओळखली पाहिजे. बायकार्बोनेटांमुळे आलेला जडपणा पाणी उकळताच साक्याच्या रूपाने खाली बसतो. ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली पाण्यात चुना घालून हाच जडपणा काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. चुन्याने आलेला दोष चुन्यानेच घालवला! सल्फेटे व क्लोराइडे यांचा जडपणा मात्र उकळून जात नाही. कपड्यांच्या पाण्यापुरता धुण्याचा सोडा हा त्यावरील स्वस्त उपाय होय. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नव्हे.

यंत्रांची निवडही अशीच विचाराने व्हावी. पाणी सुफेन करणारे यंत्र कॅल्शियम काढून घेऊन त्याजागी सोडियम देते. ते न्हाणीघरास उपकारक आहे. मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णाच्या पिण्यास नाही. जंतूही त्याने मरत नाहीत. ‘आरओ’ यंत्र जवळजवळ सर्वच क्षार काढते, परंतु बहुधा जेवढे पाणी देते त्याहून अधिक मोरीत सोडते. राजस्थानातील फ्लोराइड किंवा पश्चिम बंगालमधील आर्सेनिक यांसाठी हा व्यय सार्थ ठरेल. केवळ भांड्यावरील किटासाठी नव्हे.

खरा धोका निराळाच आहे. कीट डोळ्यांना दिसते. जंतू, फ्लोराइड व आर्सेनिक दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र तसेच राहते. म्हणून प्रथम प्रयोगशाळेतील तपासणी, मग खरेदी. पिण्याला लागते घागरभर पाणी, धुण्याला हंडेच्या हंडे. दोहोंना एकच औषध कशाला?