ज्या भूमीला आम्ही ओसाड म्हटले



प्रवासाची हकीगत सांगणे हे विद्वानांचे काम. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. परंतु संयोजकांचा आग्रह मोडवेना, म्हणून 2019 च्या जुलैत उत्तर ऑस्ट्रेलियात पाठीवर पिशवी टाकून आम्ही जी भटकंती केली, तिच्याविषयी बोलतो. विमानाचे भाडे डार्विनला नोकरीस असलेल्या भाच्याने भरले, हेही सांगून टाकलेले बरे. नाही तर सभासद वर्गणीचा हिशेब मागतील!

डार्विनहून कॅथरिन सुमारे 320 किलोमीटर, आणि तेथून पश्चिम किनाऱ्यावरचे ब्रूम दीड हजारांहून अधिक. बसच्या खिडकीबाहेर पुरुषापेक्षा उंच वारुळे, आटलेले ओढे, तीन-तीन जोडगाड्या ओढणारे ट्रक. तासन् तास घर दिसत नाही. शेजारचा तरुण प्रवासी म्हणाला, ''इथे कोणीच नाही.'' आम्हीही मान डोलावली.

कॅथरिनजवळ निटमिलुकच्या घळीत आम्ही नावेतून सहल केली. ही भूमी जावोइन लोकांची. 1989 साली ती कायद्याने त्यांना परत मिळाली, आणि सहलीचा व्यवसायही आता त्यांचाच आहे. ओसाड म्हणावी त्या भूमीला धनी होते!

तेथून नैर्ऋत्येस वेव्ह हिल आहे. आमची बस तिकडे जात नव्हती, पण तिथली गोष्ट आम्ही वाचली होती. गुरांचा तो प्रचंड मळा व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीकडे होता. 23 ऑगस्ट 1966 रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागून सुमारे 200 गुरिंजी गुराखी, मोलकरणी आणि त्यांची मुलेबाळे काम सोडून चालू लागली. लोकांना वाटले, संप मजुरीचा आहे. 1967 साली त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, तो जमिनीसाठी. तो नामंजूर झाला; तरी ते हटले नाहीत. अखेर 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत तिथली माती घातली.

मंडळी, त्या रात्री बसमध्ये आम्हांला झोप आली नाही. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमची शाळा सुटली. मागण्या पगाराच्या होत्या, बोनसच्या होत्या, न्याय्यच होत्या. पण गिरणीखालची जमीन कोणाची, हा प्रश्न तेव्हा आमच्या चाळीत कोणी विचारलेला आम्हांला आठवत नाही. आज त्या जागी मॉल आहे. पुढे आम्हीही शेकडो मागणीपत्रे लिहिली. त्यांत जमिनीचे कलम एकदाही घातले नाही.

ब्रूमला समुद्र निळा, वाळू पांढरी. पण गावातल्या जपानी दफनभूमीत मोत्याच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची सातशेहून अधिक थडगी आहेत. कोणी वादळात गेले, कोणी खोल पाण्यातून वर येताना जडणाऱ्या विकाराने. त्या शिंपल्यांच्या गुंड्या होत आणि साऱ्या जगाच्या सदऱ्यांना लागत. आमचा हात नकळत आमच्या गुंडीकडे गेला.

आपणांपैकी पुष्कळजण आता सुटीत प्रवासाला निघतील. जरूर निघा. मात्र खिडकीतून ओसाड माळ दिसला, तर इथे पूर्वी कोण राबत होते, एवढे ड्रायव्हरला विचारा. आम्ही विचारले नव्हते, म्हणून हे सांगण्याचा अधिकार घेतो.