सायकलीवरून कृष्णाकाठ

मंडळी, गेल्या महिन्यात वर्ग सुटताना एकाने आम्हांला विचारले, "गुरुजी, वाचायला आलं, आता वाचायचं काय?" प्रश्न बरोबर होता. आम्ही म्हटले, "सायकल आहे ना घरात? चला, दाखवतो." तर त्या सहलीची हकीगत आज सांगायची आहे.

आम्ही चौघे निघालो. एक आम्ही स्वतः, म्हणजे जुनी अकरावी झालेला, पेन्शनीतला मास्तर. दुसरे आपल्या वर्गातले तात्या, वयाने आमच्याएवढेच. बाकी दोघे तरणे गडी. सायकली साध्याच होत्या, लोखंडी, मागे कॅरिअर असलेल्या. गिअरच्या सायकलीची काही गरज पडत नाही. पण निघण्याआधी ब्रेकचे रबर बघावे, चेनला तेल द्यावे, आणि पंप, पाना, सोल्युशन, रबराचे तुकडे बरोबर घ्यावेत. आम्ही पंप घरी विसरलो. हे आमचे आम्हीच सांगितलेले बरे, नाहीतर ते दोघे गडी सांगतील! भुईंजच्या अलीकडे मागले चाक बसले, आणि अर्धा मैल सायकल हातात धरून चालत जावे लागले.

वाट अशी. साताऱ्याहून उत्तरेला निघायचे. लिंब गाव सुमारे सोळा किलोमीटर. पुढे पाचवड, तेथून डाव्या हाताला वळले की वाई. साताऱ्याहून वाई पस्तीस किलोमीटरच्या आसपास पडते. वाईच्या पुढे मेणवली तीन किलोमीटर, आणि आणखी वर धोम. सगळी वाट कृष्णामाईच्या अंगाने जाते. ती महाबळेश्वराहून खाली येते आणि आपण तिच्या उलट वर जातो. महामार्गावर मात्र जपावे. जेथे सेवारस्ता आहे तेथे तोच धरावा. उसाच्या हंगामात ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागे चिकटून जाऊ नये. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा.

लिंबात आम्ही सकाळी नऊला पोचलो. तेथली बारा मोटांची विहीर नावाने पुष्कळांना माहीत असते, पण पाहिलेली थोड्यांनीच. ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, या पाच वर्षांत बांधली. ते साताऱ्याच्या शाहू महाराजांचे दिवस. वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, रुंदी ५० फूट. मोठी विहीर आठ कोनांची, तिला जोडून दुसरी लहान. वरून पाहिले तर शिवलिंगाचा आकार दिसतो. दोन्हींच्या मध्ये दगडी महाल आहे. विहिरीत महाल, हे ऐकून खोटे वाटेल. पण पायऱ्या उतरून आत गेले की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. भिंतींवर सिंह, हत्ती कोरलेले आहेत.

आम्ही हे सगळे पाठ करून गेलो होतो आणि शाळेत सांगावे तसे सांगत होतो. तात्या ऐकत नव्हते. ते वर जाऊन मोटेच्या जागा मोजत होते. मोजून खाली आले आणि म्हणाले, "गुरुजी, नाव बारा मोटांचं, जागा पंधरा हायती." आणि खरेच पंधरा आहेत. मग आम्ही मास्तरकी सोडली आणि ते शिकवू लागले. हे थारोळे. मोट वर आली की ह्यात उलटी व्हायची. तो नाडा, ती सोल. नाड्याने मोट ओढायची, सोलीने तिची सोंड धरायची. बैल धावेवरून उताराला जाताना मोट वर येते, म्हणून धावेला उतार ठेवतात, बैलाचे स्वतःचे वजन कामी येते. बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणजे निदान चोवीस बैल, आणि बारा मोटकरी. तात्या म्हणाले, "एवढी माणसं एकमेकांच्या आवाजानं काम करत असतील. विहीर बोलत असंल." तात्यांनी लहानपणी मोट हाकली आहे. पुढे इंजिन आले, मग विजेची मोटर आली. आमच्या बरोबरच्या गड्यांनी मोट चित्रातच पाहिलेली.

विहिरीवर शिलालेख आहे. आम्ही सगळ्यांना तेथे उभे केले. दगडावरचे वाचणे छापील पुस्तकासारखे सोपे नसते. शब्द सुटे नसतात, काही अक्षरांचे वळण वेगळे असते, काही झिजलेले असते. तात्या बोट फिरवत एकेक अक्षर लावत होते. आम्ही मध्ये तोंड घातले नाही. शकाचे आकडे त्यांनी आमच्या आधी लावले.

मग ते पायरीवर बसले. पाण्याची बाटली उघडली, पण प्याले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तीनशे वर्सांचं दगडावरलं लागतंय मला. आणि बापाच्या कागदावरलं कुणालाच लागलं न्हाई."

हकीगत अशी निघाली. तात्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी त्यांच्या वडिलांनी एकाकडून पैसे घेतले होते. कागद झाला. लिहिणाऱ्याने लिहिले, देणाऱ्याने सही केली, वडिलांनी अंगठा उठवला. दुसऱ्या वर्षी सुगीनंतर ते पाण्याची पाळी धरायला विहिरीवर गेले. तेथे त्यांना सांगितले, की तुमचा हिस्सा कागदाने गेला. पुढे कोर्टकचेरी झाली नाही. त्यांच्याजवळ कागदच नव्हता, आणि असता तरी वाचणार कोण? रान होते, पाणी नव्हते. तात्यांची शाळा त्याच वर्षी सुटली.

आम्ही चाळीस वर्षे मास्तरकी केली. आम्हांला त्या वेळी काही बोलता आले नाही. गड्यांपैकी एकाने सायकली काढल्या, आणि आम्ही पाचवडची वाट धरली.

वाईला मुक्काम एका ओळखीच्या शिक्षकांकडे केला. वाटेत हळदीची राने लागली. वाईचा ढोल्या गणपती तुम्हांपैकी काहींनी पाहिला असेल. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी तो १७६२ साली बांधवला. देऊळ अगदी नदीवर आहे. म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचे पाणी त्या टोकावर फुटते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. गवंड्याची अक्कल पाहायची असेल तर देवळाच्या पुढून नव्हे, मागून पाहा. वाईतच मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली सुरू झाले, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जगातली माहिती मराठीत देणारे ते पुस्तक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली. नाना फडणिसांचा वाडा आणि त्याच्या मागे घाट. सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो. आम्हांला आवडली ती घाटावरची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या वेळी तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतली ही एक, १७०७ सालची. तिच्यावर मेरी माता आणि बाळ येशू यांचे चित्र आहे, आणि टांगली आहे महादेवाच्या देवळापाशी. एका गड्याने विचारले, "मग ही घंटा आता कुणाची?" तात्या म्हणाले, "वाजवंल त्याची."

नानांच्या वाड्यात कागदांची दप्तरे होती. त्याला मेणवली दप्तर म्हणतात. ते सगळे मोडीत लिहिलेले. आम्ही हे सांगितले तेव्हा तात्यांनी लगेच विचारले, "तुम्हाला येतं का मोडी?" आम्ही म्हटले, "नाही." ते मोठ्याने हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले. मोडीच्या कागदापुढे आम्हीही अंगठेबहाद्दरच, हे त्यांना फार बरे वाटलेले दिसले.

धोमचे नरसिंहाचे देऊळ लहान, पण पाहण्यासारखे. कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. जवळच धोम धरण. परतीची वाट बरीचशी उताराची, पायाला काम कमी. संध्याकाळी घरी आलो. पाठ दुखली ती आठवडाभर दुखली.

आता पुढचे सांगतो. चार दिवसांनी तात्या आमच्या दारात आले. हातात अर्ज. स्वतः लिहिलेला, दोन ओळी खोडलेल्या. वडिलांच्या विहिरीचा जुना फेरफार मिळावा, असा तहसीलदारांना लिहिला होता. आम्ही म्हटले, "तात्या, इतक्या वर्षांनी हिस्सा काही परत मिळणार नाही." ते म्हणाले, "ते ठावं हाय. काय लिवलंय ते बघायचंय." आम्ही अर्जातल्या दोन वेलांट्या सुधारल्या, आणखी काही केले नाही. तालुक्याला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला नक्कल मिळाली.

ती त्यांनी कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बसून वाचली. आम्ही शेजारी होतो. 'कायम खरेदी' या शब्दापाशी ते थांबले. पुन्हा वाचले. मग म्हणाले, "बापाला वाटत व्हतं गहाण हाय. मरंपर्यंत म्हणायचा, औंदा सोडवू."

तात्यांनी तो कागद आज बरोबर आणला आहे. गहाण आणि खरेदी हे शब्द कागदावर कसे येतात, कोठे पाहायचे, ते तुम्हांला दाखवायला मी त्यांना सांगितले आहे. पहिल्या ओळीपासून तेच वाचणार आहेत. कंदिलापाशी, म्हणजे दिव्यापाशी, जरा सरकून बसा. या तात्या.