हेल आणि नोकरी

(म्हैसूर येथील विजयनगरमध्ये रेल्वे कामगार कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही मिरज-सोलापूरकडून नोकरीसाठी आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, बाजारात कन्नड, साहेबापुढे मोडकी हिंदी. आमच्या मुली पुण्याला लग्नात बोलल्या की पाहुणे हसतात, "कानडी हेल!" इथे मुलाखतीत कन्नड बोलल्या की विचारतात, "मूळ गाव कोणते?"

बंगळूरच्या मराठी घरातले बस कंडक्टर शिवाजीराव गायकवाड 1975 साली तमिळ पडद्यावर आले, ते रजनीकांत. कंडक्टर म्हणजे आपल्यातलाच माणूस! पण आमच्या पोरांना सिनेमा नको, नोकरी हवी.

एका ट्रॅकमनला इंग्रजीत चार्जशीट मिळाली. उत्तराची मुदत दहा दिवस. त्याच्या कन्नडला हसत, म्हणून तो कचेरीत बोलेना. हसणारे आमच्याच युनियनचे होते, हे कबूल केले पाहिजे. नवव्या दिवशी त्याची दहावीतली मुलगी कागद घेऊन आली. तिने आमच्या कन्नड सहकाऱ्यांकडून मजकूर समजून घेतला, बापाला मराठीत सांगितला. रात्री बसून आम्ही उत्तर लिहिले. वेतनवाढ वाचली.

रेल्वे भरतीची परीक्षा कन्नडमध्ये देता येते, मराठीतही. तरी कन्नड शाळेत शिकलेली आमची मुले प्रतिष्ठेपायी फॉर्मवर इंग्रजी लिहितात आणि प्रश्नच न समजून मागे पडतात. ज्या भाषेत शिकलात तीच लिहा.

येत्या रविवारपासून कचेरीत वर्ग सुरू होतील. मोठ्यांना कन्नड लिहिणे-वाचणे, मुलांना मराठी. वह्या युनियन देईल. ट्रॅकमन बंधूंची ती मुलगीच मोठ्यांना शिकवणार आहे. वेळेवर या.