वाचलेला घास कुठे गेला?



येत्या बुधवारी कपाळाला राख लागेल आणि आमच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळ सुरू होईल. कॅलेंडर मोजलंत तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की राहिले 40. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. नियमही तुम्हाला पाठ आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या कॅथलिकांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. आणि 14 वर्षांपुढच्या सगळ्यांनी उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही. म्हणून नियमांवर मी वेळ घालवणार नाही. मिनिटं मोजकी आहेत आणि मला एकच गोष्ट विचारायची आहे. उपवासाच्या दिवशी जो घास तुम्ही खाल्ला नाही, तो कुठे गेला?

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना हे दर वर्षी विचारते. मुलं एकमेकांकडे बघतात. एखादा म्हणतो, "टीचर, फ्रिजमध्ये." पोरगा खरं बोलतो. दुपारचं रात्री खाल्लं जातं, शुक्रवारचं शनिवारी खाल्लं जातं, आणि 40 दिवस सोडलेलं सगळं ईस्टरच्या दुपारी एका बैठकीत वसूल होतं. मग झालं काय? जेवणाची वेळ बदलली, एवढंच झालं.

आता थोडं रागावून बोलते, कारण मी किनाऱ्यावरच्या माणसांतली आहे आणि माझ्याच माणसांना बोलते आहे. शुक्रवारी मांस नाही म्हणून आमच्या वसईच्या बाजारात सकाळीच पापलेट आणि कोळंबीभोवती गर्दी होते. हा नियम जिथे रुजला तिथे मांस सणासुदीचं, ऐपतीचं जेवण होतं आणि मासा त्यामानाने साधा. आपल्याकडे उलट आहे. पापलेटाची तुकडी तळून, वर कोळंबीची आमटी ओरपून आपण शुक्रवार पाळला म्हणतो. नियम मोडला का? नाही. पण कमी काय केलं? केरळातले सुरियानी ख्रिस्ती जुन्या रीतीने पन्नास दिवसांचा उपवास धरतात, तेव्हा मांसाबरोबर मासे, अंडी, दूधही सोडतात. मी तुम्हाला तेवढं सांगत नाही. आपल्या आजीच्या काळी शुक्रवारी पेज असायची, तेवढं आठवा.

आजीवरून विहीर आठवली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वाडीतली विहीर उपसायचे. आधी उरलंसुरलं पाणी काढायचे, मग दोन माणसं दोराने खाली उतरायची. टोपल्याच्या टोपल्या गाळ वर यायचा. कुजलेला पाला, फुटके माठ, कधीतरी हरवलेला पोहरा, आणि चिखल तर किती! तो सगळा निघाला की तळाच्या फटींमधले झरे मोकळे व्हायचे, आणि रात्रीतून स्वच्छ पाणी चढायचं. मला ख्रिस्ती उपवास असा दिसतो. न जेवणं म्हणजे पाणी उपसणं. ते लागतंच, त्याशिवाय तळ दिसत नाही. पण पाणी उपसलं आणि गाळ तसाच ठेवून काठावर बसलो, तर विहीर साफ झाली का? पोट रिकामं, आणि तळाशी भावाशी धरलेला अबोला तसाच, कामवालीचे कापलेले पैसे तसेच, शेजाऱ्याच्या बांधावर पुढे सरकवलेला दगड तसाच. वर ईस्टरला आपण टँकर बोलावतो आणि विहीर काठोकाठ भरून टाकतो. झरा आतच अडकलेला.

आणि लक्षात घ्या, झरा आपण निर्माण करत नाही. तो देवाने तिथे आधीच ठेवलेला असतो. म्हणून उपवास म्हणजे देवाला दिलेली किंमत नव्हे. इतके दिवस उपाशी राहिलो, आता माझं काम कर, असा सौदा त्याच्याशी होत नाही. आपलं काम फक्त अडलेलं मोकळं करण्याचं.

विहिरीतून निघालेल्या गाळाचं पुढे काय व्हायचं, हे तर मुख्य आहे. तो काठावर सुकत पडायचा नाही. केळीच्या बुंध्याशी, मोगऱ्याच्या वाफ्यात जायचा. आपली केळी झाली की शेजारचा न्यायचा. माझा प्रश्न पुन्हा तोच आहे, कंटाळू नका. तुमच्या उपवासातून जे बाहेर निघालं, ते कुणाच्या वाफ्यात गेलं?

हे काही मी नव्याने सांगत नाही. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तीदीस नावाच्या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला ख्रिस्ती माणसं कशी राहतात ते लिहून कळवलं. त्यात त्याने सांगितलं आहे की त्यांच्यातला कुणी गरीब असेल आणि यांच्याकडे जादा अन्न नसेल, तर ही माणसं स्वतः दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि तो शिधा त्याला देतात. बघा, जादा नसेल तर! आपल्याकडे जादा असूनही जमत नाही. त्याच शतकातलं, रोममध्ये लिहिलेलं, हर्मास याचं एक पुस्तक आहे. त्यात उपवासाची कृतीच दिली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढंच घ्यायचं, एरवी जेवलो असतो त्याचा खर्च मांडायचा, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यायची. आधी हिशेब, मग दान. अठराशे वर्षांपूर्वी इतकं सोपं करून ठेवलेलं आहे.

मग अंत्युखियातला 387 सालचा उपवासकाळ. करवाढीवरून शहरात दंगल झाली होती, लोकांनी सम्राटाचे पुतळे पाडले होते, आता शिक्षा काय होणार म्हणून सगळे भेदरले होते. त्या दिवसांत तिथले धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम एकामागून एक प्रवचनं देत होते. लोक घाबरून कडक उपवास करत होते, आणि क्रिसोस्तोम विचारत होते की पक्षी-मासे सोडलेत, पण आपल्याच भावाला निंदेने फाडून खाता, त्याचं काय? डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनीही उपवास धरा, असं त्यांचं सांगणं. त्यांच्याही आधी यशया संदेष्ट्याने 58व्या अध्यायात हेच तोंडावर सुनावलं होतं. तुम्ही उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता. देवाला हवा आहे तो उपवास बेड्या तोडणारा, भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणारा, बेघराला घरात घेणारा. हा अध्याय घरी काढून वाचा. मोठ्याने वाचा, सगळे बसलेले असताना.

आता येशूकडे येते, कारण माझं खरं सांगणं तिथे आहे. अरण्यात 40 दिवसांच्या उपवासानंतर त्याला भूक लागली, तेव्हा पहिला मोह कसला आला? दगडांच्या भाकरी करण्याचा. त्याने केल्या नाहीत. सामर्थ्य नव्हतं म्हणून नव्हे. पुढे त्याच येशूने डोंगराच्या कुशीत पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातलं, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. मी या दोन प्रसंगांपाशी वर्षानुवर्षं थांबते. स्वतःच्या भुकेसाठी त्याने भाकरीचा चमत्कार केला नाही, लोकांच्या भुकेसाठी केला. माझ्या मते उपवासाचा सगळा अर्थ या दोन प्रसंगांच्या मधल्या वाटेवर आहे. आपण अर्ध्या वाटेवर, अरण्यातच थांबतो. आपली भूक आवरली याचंच आपल्याला इतकं कौतुक वाटतं की पुढे जमलेले पाच हजार दिसतच नाहीत.

राखेच्या बुधवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं. उपवास करताना तोंड सुकवून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका.  

हल्ली एक नवीन ऐकते. "टीचर, मी या लेंटमध्ये सोळा तास काही खात नाही, वजनही उतरतं." उतरू दे, चांगलं आहे. शरीर देवाने दिलेलं आहे, ते नीट राखावं. पण त्याला उपवासकाळाचं नाव कशाला? कंबर कमी झाली आणि शेजारचं घर उपाशीच राहिलं, तर त्यात ख्रिस्ती काय आहे?

उपाशी घर शोधायला लांब जायला नको. आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुपोषणाने मुलं गेली आहेत. तिथली आणि भिवंडी-शहापूरकडची कातकरी कुटुंबं याच दिवसांत वीटभट्ट्यांवर असतात, लेकराबाळांसकट. पावसाळ्याच्या तोंडाला घेतलेली उचल फेडत असतात. आपला उपवासकाळ आणि त्यांचा भट्टीचा हंगाम एकाच वेळी चालतो. त्यांची भूक कुणी ठरवून धरलेली नाही. रविवारी आपण मिस्सेला जाताना भट्टीच्या कडेने जातो. बघतो का?

बघणारेही झाले आहेत. 1958 साली जर्मनीच्या बिशपांनी कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांच्या सांगण्यावरून उपवासकाळातल्या वर्गणीची एक मोहीम सुरू केली, जगभरच्या भुकेल्यांसाठी. नाव मिसेरेओर. युद्धानंतर स्वतः उपासमार काढलेला तो देश. आणि आपल्या देशात मिझोरामच्या ख्रिस्ती बायका शंभराहून अधिक वर्षं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि चर्चला देतात. ते उपवासात मोडत नाही, रोजचंच आहे. पण मूठ तीच. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले, तेव्हाही सांगून ठेवलं की प्रायश्चित्त सुटलेलं नाही. देशोदेशीच्या बिशपांना वाटलं तर मांस सोडण्याच्या जागी सेवेची, दयेची कामं ठरवून देता येतील. आपण त्यातलं सैल तेवढं ऐकलं.

प्रॉटेस्टंट बांधवांना वाटेल, हे सगळं कॅथलिकांचं चाललं आहे. नाही. 1522 साली झुरिकमध्ये उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले आणि धर्मसुधारक त्झ्विंगलींनी त्याची बाजू घेतली, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की उपवास सक्तीचा नसावा. त्यात मला मोठं तथ्य दिसतं. सक्ती नसेल तर मग प्रेमाने किती जण उपवास धरतील, हा प्रश्न उरतोच. पण स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे, दोनच मिनिटं उरली आहेत.

तर करायचं ते सांगते. घरात एक डबा ठेवा. शुक्रवारी जे आणलं असतं आणि आणलं नाही, त्याची किंमत त्यात टाका. अंदाजे नको, बाजारातला भाव विचारून. पापलेट चुकवलं असेल तर पापलेटाचे पैसे टाका, पेजेचे नव्हे. पैसे मुलांच्या हातून टाकवा. मुलांना उपाशी ठेवू नका, हिशेबात घ्या. पवित्र आठवड्यापर्यंत थांबू नका. भट्टीवरच्या घराला तांदूळ, डाळ, तेल आज लागतं. आणि द्यायला स्वतः जा, त्या बाईशी दोन शब्द बोला, लेकराचं नाव विचारा.

आणि ज्यांना मधुमेह आहे, ज्या गरोदर आहेत, जे अंगमेहनतीचं काम करतात, त्यांनी जेवायचंच. चर्च त्यांना सूट देतं. गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आजीबाईंना मी हात जोडून सांगते, दुपारी वेळेवर जेवा. डब्यात टाकायला उपाशीच राहिलं पाहिजे असं नाही. प्रार्थनेबद्दल तर बोलायचंच राहिलं, आणि तिच्यावाचून यातलं काहीच टिकत नाही. त्यासाठी आकाशवाणीने पुन्हा बोलावलं तर येईन.