मोटारीपासून सोडवलेला रस्ता कोणाच्या हाती जाणार?

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



लक्ष्मी रस्ता मोटारींना बंद करून केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखावा काय, या प्रश्नावर आपल्यात दोन मते आहेत हे मी जाणतो. ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने या रस्त्याच्या एका भागात पहिला ‘पादचारी दिन’ पाळला आणि पुढील वर्षांतही तो पाळला गेला. एका दिवसाच्या या उपक्रमातून कायमची योजना उभी राहावी, असे अनेकांना वाटते. आपल्यापैकी काहींना हे पुरोगामी पाऊल वाटते, तर काहींना गरिबांना बाजारातून हुसकावण्याची ही पहिली पायरी वाटते. दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत, आणि अर्ध्या सत्यावर पक्षाची भूमिका उभी करता येत नाही.

प्रथम खऱ्या बाजूचा विचार करू. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर दिवसभर मोटार उभी करून ठेवणे म्हणजे सर्वांच्या जागेचा एकाने केलेला खासगी वापर होय. मंडईत भाजी घेऊन बस गाठणारी बाई, तुळशीबागेतल्या दुकानात आठ-दहा तास उभा राहणारा नोकर, शाळेतून घरी जाणारी मुले ही सारी पायीच चालतात. अपघाताचे भय, धूर आणि कर्कश भोंगे हे सारे त्यांच्याच वाट्याला येते. पादचाऱ्याला अग्रक्रम देणारे धोरण आपल्या महापालिकेने २०१६ साली स्वीकारले. ते अमलात आणा, ही मागणी कष्टकऱ्यांची आहे. ती आपण दुसऱ्यांच्या हाती का सोडावी?

परंतु भीतीही निराधार नाही. वस्ती सुधारते आणि ज्यांच्यासाठी ती सुधारायला हवी होती तेच तिच्यातून बाहेर फेकले जातात, या प्रक्रियेला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांचा अभ्यास करताना ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. आपल्याला हे लंडनहून शिकण्याची गरज नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते आपण पाहिले. गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि घरांना मिळावा, असा नियम १९९१ साली झाला. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे भोंगा वाजत होता तेथे आज मॉल उभे आहेत.

बाजाराच्या रस्त्यावर ही प्रक्रिया भाड्याच्या मार्गाने येते. कोपनहेगनचा स्त्रोगेट हा रस्ता १९६२ साली मोटारींना बंद झाला. धंदा बुडेल ही व्यापाऱ्यांची भीती खोटी ठरली. उलट गर्दी वाढली. परंतु गर्दीबरोबर गाळ्यांची भाडीही वाढली, आणि आज तेथे जगभर शाखा असलेल्या कंपन्यांचा दबदबा आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा रस्ता २०२१ साली नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद केला गेला. रस्ता देखणा झाला, पण तो फेरीवाल्यांना निषिद्ध क्षेत्र ठरला. पायी चालणाऱ्यासाठी मोकळा केलेला रस्ता पायी फिरून पोट भरणाऱ्याला मात्र बंद! हा दोष फरसबंदीचा नाही. फरसबंदीने वाढलेले जागेचे मोल कोणी घ्यावे, हे आधी ठरवले नाही, त्याचा हा दोष आहे.

आता आपल्या रस्त्याकडे पाहू. येथील जुन्या भाडेकरू दुकानदाराला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु जो ‘लीव्ह अँड लायसन्स’वर बसला आहे, त्याला मुदत संपताच गाळा खाली करावा लागतो. गल्लीच्या आतल्या बाजूस साडीला फॉल-बिडिंग करून देणाऱ्या बाया, जिन्याखाली शिलाईयंत्र मांडून बसलेला कारागीर, पदपथावर पिना-कंगवे विकणारा यांच्यापाशी तर कागदच नसतो. त्यातच २०२४ साली मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आहे. जागेचे मोल रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत थांबणार नाही. म्हणून केवळ विरोध करून आपण कोणालाच वाचवू शकत नाही.

आपली भूमिका अशी असावी: रस्ता मोटारींना बंद व्हावा, पण अटींवर. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येणार नाही, असे २०१४ चा पथविक्रेता कायदा स्पष्ट सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत फेरीवाल्यांचे निवडलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असले पाहिजेत. रस्त्याचा आराखडा त्या समितीपुढे आल्यावाचून कुदळ पडता कामा नये. हातगाडी व हमालांसाठी माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळा ठरवाव्यात. बस जवळ यावी, स्वच्छतागृहे व बसण्याची जागा फुकट असावी. परवान्यावरील लहान गाळेधारकांना मुदतीची हमी आणि भाडेवाढीला मर्यादा यासाठी कायद्यात दुरुस्ती मागावी. आणि रस्त्यामुळे ज्या मालकांची मिळकत वधारेल त्यांच्याकडून वाढीव मोलाचा वाटा घेऊन तो याच बाजारातील लहान माणसाच्या पुनर्वसनास लावावा.

दुकानदारांशी आपले भांडण नाही, हेही ध्यानात ठेवा. पार्किंग गेले तर गिऱ्हाईक जाईल, या भयाने ते आज मोटारीच्या बाजूने उभे आहेत. त्यांचा खरा धोका दारापुढची मोटार जाण्यात नाही; पुढच्या करारातील भाड्याच्या आकड्यात आहे. ही गोष्ट त्यांना पटवली तर लहान दुकानदार आणि फेरीवाला प्रथमच एका बाजूला येतील.

तेव्हा पुढचे काम ठरलेले आहे. सभेतला ठराव पुरेसा नाही. वही घेऊन या रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत फिरा. कोण किती वर्षे बसतो, कोणाजवळ कोणता कागद आहे, कोणाचा करार केव्हा संपतो, याची नोंद करा. महापालिकेचा नकाशा तयार होण्यापूर्वी आपली यादी तयार असली पाहिजे. नकाशावर ज्याचे नाव नसते, त्याला उठवताना कोणालाच काही वाटत नाही.